मंगळवारची बोलकी पुस्तकं

गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. लग्न मोडून माहेरी परत आले होते आणि बी.ए. झालेली मुलगी घरात नुसती बसून राहते हे वडिलांना बघवत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्यांचं, सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाचं वाचनालय. लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, पेपर वाचायला बाकडी. डोंगरकडा गावच्या बाजाराला जाणारा रस्ता दारावरूनच जायचा, त्यामुळे बाजाराच्या दिवशी माणसं पाणी प्यायला आत यायची आणि जाता जाता पेपरावर नजर टाकायची. पुस्तक घरी नेणारे अगदी मोजके होते.

त्या मोजक्यांत सगळ्यात पक्का वाचक म्हणजे आमचे पोस्टमन काका. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यांनी जन्मभर सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांना टपाल वाटलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवलं. मी कॉलेजात असताना माझीही पत्रं तेच आणायचे. सासरहून शेवटचं पाकीट आलं तेही त्यांनीच आणलं. आत काय आहे हे त्यांना पाकिटावरूनच कळलं असावं, कारण त्या दिवशी दारात आल्यावर त्यांनी सायकलची घंटी वाजवली नाही. रिटायर झाल्यावर ते रोज दहा वाजता वाचनालयात येत आणि पान डोळ्याला जवळजवळ चिकटवून वाचत बसत. उजव्या डोळ्यातही आता मोतीबिंदू वाढत होता.

ग्रंथालय निरीक्षक वर्षातून एकदा तपासणीला येत. त्या वर्षी ते म्हणाले, "बाई, वाचनालय म्हणजे पुस्तकांचं गोदाम नव्हं. काही उपक्रम दाखवा." मी रांगोळी स्पर्धा घेतली, पोरांची हस्ताक्षर स्पर्धा घेतली, सर्पदंशावर एक व्याख्यान ठेवलं. आणि मग एका दूरच्या शहरातल्या संस्थेचं पत्र आलं, की आम्ही मोतीबिंदूचं शिबिर भरवतो, तपासणीला जागा द्या आणि माणसं गोळा करा. मला वाटलं, एवढं मोठं काम आपल्या वाचनालयाच्या हातून दुसरं होणार नाही.

मी घरोघर फिरले. सात जण लगेच तयार झाले. पोस्टमन काका मात्र तयार होईनात.

"एकच हाय पोरी," ते म्हणाले. "हा गेला तर काय?"

"जाईल कशाला काका? आजकाल काही नाही त्यात. आत गेलं की बाहेर. महिन्याभरात तुम्ही बारीक टायपातलं पुस्तकसुद्धा वाचाल."

"डॉक्टर जवळचा न्हाई, दवाखाना जवळचा न्हाई. कोणाला इचारायचं?"

"मी आहे ना. मला विचारा."

हे वाक्य मी बोलले. अजूनही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

गावाबाहेर माळावर धनगरांची वस्ती होती. तिथल्या एका म्हातारीला सगळे माय म्हणत. पन्नासेक मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखायची. तिच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकात जास्त. तिला मी म्हणाले, "माय, डोळे येतील परत." ती हसून म्हणाली, "येतेत तर येऊ दे बापा." काकांचं धरून नऊ नावं झाली. रजिस्टरात मी ती माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिली.

बस सकाळी आली. पोस्टमन काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. जाताना त्यांनी अर्धवट वाचलेलं पुस्तक माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कोणाला देऊ नको. आल्यावर घेतो."

चौथ्या दिवशी एस.टी.डी.च्या दुकानातून मला बोलावणं आलं. फोनवरचा माणूस घाईत होता. म्हणाला, काही पेशंटना इन्फेक्शन झालंय, काळजीचं कारण नाही, पण नातेवाईकांना पाठवून द्या. बस परत आली तेव्हा तिच्यातून चार जण उतरले. पाच जणांना तिथंच ठेवलं होतं. त्या पाचांत काकाही होते आणि मायही.

पाचही जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा गेला. पू झाला होता. कशानं झाला ते आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही. औषध खराब होतं म्हणाले, हत्यारं नीट उकळली नव्हती म्हणाले, शेवटी पेशंटनीच डोळ्याला हात लावला म्हणाले. मायला दुसऱ्या डोळ्यानं अजून थोडं दिसत होतं. त्याला तिनं पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही, आणि दोन वर्षांत तोही झाकला. पोस्टमन काकांना दुसरा डोळा नव्हताच.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सुनेनं दारातच अडवलं. "मामा झोपले," म्हणाली. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

चौकशी लागली. वाचनालयाचे अध्यक्ष जाणते, हुशार गृहस्थ होते. त्यांनी मला घरी बोलावून शांतपणे सांगितलं, "आपण फक्त जागा दिली. नावं संस्थेच्या लोकांनी लिहिली. तुम्ही कोणाला चला म्हणाला नाहीत. एवढं सांगितलं की आपलं वाचनालय सुटलं."

"पण रजिस्टर माझ्या अक्षरात आहे," मी म्हणाले.

"ते रजिस्टर माझ्याकडं द्या."

मी दिलं. परत मागितलं नाही, आणि त्याचं पुढं काय झालं तेही विचारलं नाही. तहसील कचेरीत माझा जबाब झाला. कारकुनानं लिहून घेतलं : वाचनालयाने केवळ जागा उपलब्ध करून दिली, मी कोणासही आग्रह केला नाही. मग पद्धतीप्रमाणे त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. भिंतीला लागून ठेवलेल्या बाकावर ते पाच जण आपापल्या नातेवाईकांबरोबर बसले होते, त्यांचेही जबाब व्हायचे होते. वाचन सुरू असताना काकांनी मान थोडी वर केली. आवाज कुठून येतो ते बघितल्यासारखी. मी सही केली, कार्बन कॉपी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि त्यांच्यासमोरून बाहेर पडले.  काकांना दिसत नाही याचा मी फायदा घेतला.

चौकशीतून काहीच निघालं नाही. पुढच्या वर्षी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या हलल्या, गठ्ठे हलले.

आणखी दीडेक वर्षानं वाचनालयाला एक खोकं आलं. आत कॅसेटी आणि एक टेप. अंधांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा मंडळानं पुस्तकं कॅसेटींवर वाचून घेतली होती. त्यांना 'बोलकी पुस्तकं' म्हणत. निरीक्षक खूश झाले. "हा खरा उपक्रम," म्हणाले. "आठवड्यातून एक दिवस ठरवा. अंध, वृद्ध, निरक्षर, सगळ्यांना बोलवा." मी मंगळवार दुपार ठरवली आणि ज्या पाच घरांवरून जायचं मी टाळत होते तिथं गेले.

एक जण तोवर वारला होता. एकाला मुलानं नांदेडला नेलं होतं. तिसऱ्याच्या बायकोनं मला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता जा." पोस्टमन काका बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "माझं नाव आता कोणत्या रजिस्टरात लिहू नको."

पहिल्या मंगळवारी फक्त माय आली. तिची नात तिचा हात धरून घेऊन आली होती, दहा-अकरा वर्षांची, शाळा सोडलेली. मायला अक्षर येत नव्हतं. वाचनालयाच्या आत ती दुसऱ्यांदाच येत होती. पहिल्यांदा आली होती ती डोळे तपासायला. मी टेप लावला. खणखणीत आवाजाचा एक माणूस गोष्ट वाचू लागला. माय थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा कोणाशी बोलून राहिला?"

"तुमच्याशीच, माय. गोष्ट सांगतोय."

"मग थांबव की त्याला. मला इचारायचं हाय. त्या बाईचं लेकरू कोणापाशी ठिवलं तिनं?"

मी म्हणाले, त्याला विचारता येत नाही. तिला ते बरोबर वाटलं नाही. "इचारता येत न्हाई तर मग कसली गोष्ट," ती म्हणाली. पण पुढच्या मंगळवारी आली. मग मी असं करू लागले, की थोडं वाजवायचं, टेप बंद करायचा आणि तिचे प्रश्न ऐकायचे. हळूहळू शेजारच्या दोन-चार बाया धान्य निवडायला घेऊन येऊ लागल्या. त्यांचेही प्रश्न असत. कधी कधी कॅसेटच्या अर्ध्या तासाच्या एका बाजूला दीड तास लागे. तक्रार कोणी करत नव्हतं, पण हसतंही फारसं कोणी नव्हतं. मायचा चेहरा ऐकताना कायम एका बाजूला वळलेला असे आणि हात मांडीवर काहीतरी चाचपत असत. मेंढराची लोकर चाचपायची सवय, नातीनं सांगितलं. आता घरची माणसं तिला मेंढरांत जाऊ देत नव्हती. एकदा ती नाल्यात पडली होती.

तिनंच पोस्टमन काकांना आणलं. काय बोलली ते मला कधी कळलं नाही. एका मंगळवारी नात पुढे, तिच्या खांद्यावर मायचा हात, आणि मायच्या पाठोपाठ काठी टेकत काका. ते आपल्या जुन्या बाकड्याजवळ न चुकता गेले आणि बसले. मी टेप लावला. त्यांनी एक बाजू पूर्ण ऐकली.

"हे पुस्तक मी वाचलेलं हाय," ते म्हणाले. "यानं मधी गाळलं. विहिरीवरचं सगळं गाळलं."

मी कपाटातून पुस्तक काढून पाहिलं. खरंच, एक अख्खं प्रकरण गाळलं होतं.

"कॅसेटीत बसवायला संक्षिप्त करतात काका," मी म्हणाले. "पाहिजे तर मी वाचते. सगळं, पहिल्यापासून."

 बायांचे सुपातले हात थांबले.

"तू वाचशील?" ते म्हणाले. "मग पहिलं ते वाच. तहसीलमधी लिहून दिलं ते. कॉपी असंल तुझ्यापाशी."

ती माझ्यापाशी होती. माझ्या टेबलाच्या खणात, पाकिटात. फेकून दिली असं मी म्हणू शकले असते. त्यांना काय दिसणार होतं. मी खण उघडला. कागद उलगडताना कार्बनची निळी शाई बोटांना लागली. मी वाचायला लागले. नाव, वय, राहणार. वाचनालयाने केवळ जागा उपलब्ध करून दिली. इथं मी थांबले.

"वाच," ते म्हणाले. "गाळू नको."

"मी कोणासही आग्रह केला नाही," मी वाचलं.

 मग मायनं विचारलं, नेहमी गोष्टीतलं विचारायची तशाच आवाजात, "पण तूच तर मला म्हणली होतीस ना, डोळे येतील म्हणून? तूच ना ती?"

"व्हय, माय," मी म्हणाले. "मीच."

"आन् मला?" काका म्हणाले.

"तुम्हाला मी म्हणाले होते, मला विचारा. हा जबाब खोटा आहे काका. घाबरून दिला."

त्यांनी मान हलवली. माफ केलं, असं त्या हलण्यात काही नव्हतं. पत्त्यावर माणूस सापडला की पोस्टमन हलवतो तशी ती मान होती. "आता पुस्तक वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. 

त्या आठवड्यात मी तहसीलला गेले. जबाब बदलून द्यायचा आहे, म्हणाले. कारकून नवा होता. त्यानं दोन कपाटं पाहिली आणि म्हणाला, "जुन्या जिल्ह्याचे कागद इथं न्हाईत. परभणीला बघा." परभणीला म्हणाले, हिंगोलीला पाठवले. मी अर्ज लिहून दोन्हीकडे रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोचपावत्या आल्या, बाकी काही आलं नाही. अध्यक्षांना हे कुठून तरी कळलं. ते वाचनालयात येऊन मला म्हणाले, "बाई, मेलेलं प्रकरण उकरून कोणाचं भलं होणार?" मी म्हणाले, कोणाचंच नाही. ते मला काढून टाकतील असं वाटलं होतं. पण त्या पगारात काम करायला दुसरं कोणी मिळत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मंगळवार नीट चालले. वीज असेल तर आधी कॅसेट, मग माझं वाचन. नसेल तर नुसतं वाचन. वीज बहुतेक वेळा नसेच. काकांना माझं वाचन आवडत होतं असं मी म्हणणार नाही. ते चुका काढत. "घाई करून राहिली," म्हणत. "स्वल्पविरामाला थांब." पण येत होते. त्यांनी अर्धवट टाकलेलं ते पुस्तक मी त्यांना विचारून पहिल्यापासून वाचलं. सगळ्यांना सवय झाली होती. मला वाटू लागलं होतं, की आता हे असंच चालेल.

पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीनं रस्त्याकडेनं पाण्याच्या पाइपासाठी चर खणला. वाचनालयाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर तो तीन आठवडे तसाच उघडा होता. काकांना एव्हाना वाट पाठ होती, ते एकटेच येत. मी चराबद्दल त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी वाट बदललीही होती. पण त्या मंगळवारी कामगारांनी नवा तुकडा खणला होता, तो मलाही माहीत नव्हता. आवाज ऐकून आम्ही धावलो. ते चरात कुशीवर पडले होते आणि काठी शोधत होते. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं.

हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. या वयात काही होण्यासारखं नाही म्हणून परत आणलं. आता सून मला अडवत नव्हती. थकली होती बिचारी. मी रोज दुपारी वाचनालय बंद करून टेप आणि बॅटऱ्या घेऊन जायचे. एक दिवस काका म्हणाले, "पुस्तक बस झालं. त्यात कोरी कॅसेट घाल."

मी घातली.

"चालू झालं?"

"झालं काका."

मग ते बोलू लागले. वेशीपासून सुरुवात केली. पहिलं घर, त्यांचा मुलगा पलटणीत होता, दर महिन्याला पत्र. दुसरं घर, कधीच पत्र नाही, पण म्हातारा रोज उभा राहायचा. तिसऱ्या घरी तार आली होती, ती त्यांनी दोन तास खिशात ठेवली, कारण घरात हळद चालली होती. असं घरामागून घर, मग वाड्या, मग माळावरची वस्ती. त्यात धाप, खोकला, सुनेची भांडी, कुठं तरी कोंबडा. तीन कॅसेटी झाल्या. माझ्या घराशी आले तेव्हा थांबले. मला वाटलं, त्या शेवटच्या पाकिटाचं बोलतील. ते फक्त म्हणाले, "इथं एक हुशार पोरगी होती," आणि पुढच्या घराकडे वळले. मी डोळे पुसले तेव्हा त्यांना कळू नये म्हणून श्वास रोखून धरला. टेपच्या चाकांची घरघर तेवढी होती.

चौथी कॅसेट लावायच्या आधी ते गेले. आषाढ होता. ओलं जळण पेटत नव्हतं.

त्या तीन कॅसेटी मी मंगळवारी लावल्या. बाया आपापल्या घराचं आलं की ऐकत आणि रडत. दोघी-तिघींनी, आमच्या सासऱ्याचं असं उघड्यावर काहून सांगितलं, म्हणून भांडणही काढलं. त्यातली एक परत आली नाही. मग दुसरीही येईना. पुढे घरोघर टीव्ही झाले, दुपारच्या मालिका झाल्या. निरीक्षक बदलले. नव्यांना वाचनालयात संगणक हवा होता. टेपचं हेड झिजलं, आवाज जड आणि खोल येऊ लागला, आणि दमट हवेनं कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली. काकांच्या तिन्ही मी स्पिरिटनं पुसून पाहिल्या. दोन गेल्या. एक थोडी वाजते.

माय मात्र शेवटपर्यंत येत होती. कधी कधी आम्ही दोघीच असायचो, आणि नात. नात मोठी होत गेली. मी तिला अक्षरं शिकवायला घेतली होती आणि ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या कुठल्याशा वस्तीवर. मी मायच्या मुलाला म्हणाले होते, थोडं थांबा. तो म्हणाला, "तुमचं ऐकून एकदा बघितलं की आमी." 

नात सासरी गेल्यावर मायला आणायला कोणी उरलं नाही. दोन-तीन मंगळवार मी वाट पाहिली, मग मीच माळावर गेले. मेंढरं चरायला गेली होती. माय मेंढरांच्या रिकाम्या वाड्याच्या कुडाच्या सावलीत गोधडीवर बसली होती. मी शेजारी बसले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, आणि मग तो तिथंच थोडा वेळ ठेवला.

"मंगळवारी आता कोण येतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, माय."

"मग तू काहून बसतीस तिथं?"

 वारं सुटलं होतं. तिनं हात काढून घेतला आणि गोधडी पायावर ओढली. मी पिशवीतून पुस्तक काढलं, आणि तिनं नको म्हटलं नाही म्हणून वाचायला सुरुवात केली. दोन-तीन पानांनंतर तिचा प्रश्न येईल म्हणून मी थांबले. तिनं काही विचारलं नाही. जागी होती, ऐकत होती की नाही सांगता येत नाही. मी पुढं वाचत राहिले, मेंढरं परत येईपर्यंत.